ड्रेनच्या बाटलीवरच्या रेघा

आप्पांचं बायपास मिरजेत ठरलं तेव्हा त्यांना एकच घोर, ऑक्टोबरची छाटणी चुकणार. तासगावची द्राक्षबाग, दुसरं काय सुचणार! मला धास्ती रक्ताची. रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद झाली होती, रक्तदाते तयार ठेवा म्हणून निरोप होता. गावातली चार पोरं येऊन बसली.

मी न वाचताच सह्या करत सुटले होते. भूल देणाऱ्या मॅडमनीच थांबवलं. “ताई, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झामिक ॲसिड देणार आहोत.”

मी चमकले. ही तर माझी पाळीची गोळी! अंगावरून फार जातं म्हणून दोन वर्षं पर्समध्ये असते.

“तेच औषध, इथं शिरेतून.”

पण नव्या जोडलेल्या नसांतच गुठळी झाली तर? मॅडम म्हणाल्या, हे औषध गुठळी करत नाही, झालेली विरघळू देत नाही. ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमधून रक्त फिरलं की शरीर गुठळ्या विरघळवायला लागतं, मग टाक्यांपाशी रक्त थांबता थांबत नाही. २०१७ साली साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास छापून आलाय. रक्तस्राव घटला, गुठळ्यांचा त्रास वाढला नाही. आकडी मात्र थोड्या जास्त जणांना आली. आप्पांचं क्रिएटिनिन जरा चढं, म्हणजे किडनी जरा मंद, आणि हे औषध लघवीवाटेच बाहेर पडतं, म्हणून त्यांचा डोस कमी ठेवणार होत्या. एवढं बसून सांगणारं माणूस भेटलं, हे नशीबच.

संध्याकाळी आयसीयूत पाच मिनिटं सोडलं. आप्पांकडं बघवेना, म्हणून खाटेखालच्या ड्रेनच्या, म्हणजे छातीतलं रक्त नळीनं साठवणाऱ्या बाटलीकडं बघत राहिले. सिस्टर दर तासाला लाल पाण्याच्या पातळीशी पेनानं रेघ मारून वेळ लिहीत होत्या. पहिल्या दोन रेघांत बोटभर अंतर, पुढच्या दोघींत नखाएवढं. रात्री परत डोकावले तर रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. चारातल्या एकाच पोराचं रक्त लागलं.

दुसऱ्या दिवशी घशातली श्वासाची नळी निघाली. सिस्टरनी ॲस्पिरिन पुढं केली, रक्त पातळ राहायला.

आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “काल घट्ट, आज पातळ. रक्त हाय का आमटी?”