चांदीच्या रुपयांचा करंडक

फेब्रुवारी २०२४ मध्ये चार मित्रांबरोबर शनिवार-रविवार गाठून एडिंबरोला जायला मी तयार झालो, त्याचे खरे कारण रग्बी नव्हते, करंडक होता. स्कॉटलंड आणि इंग्लंड दरवर्षी ज्या करंडकासाठी झुंजतात त्याचे नाव ‘कलकत्ता कप’ आहे, हे एका मित्राने बोलता बोलता सांगितले आणि माझे कुतूहल चाळवले. कलकत्त्यातील इंग्रजांनी १८७३ मध्ये रग्बीचा क्लब काढला होता. पण तिथली हवा या खेळाला मानवेना, सदस्य पोलो आणि टेनिसकडे वळले, आणि क्लबातली फुकटची मदिरा बंद झाल्यावर तर गळती आणखी वाढली, असेही सांगतात. क्लब मोडताना उरलेल्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून करंडक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. त्याला नागांच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. बुडत्या क्लबाची शिल्लक वाटून न घेणारी ही माणसे मला मनापासून आवडली.

शुक्रवार प्रवासातच गेला. शनिवारी दुपारी हेमार्केट स्थानकापासून मरेफील्ड मैदानापर्यंत आम्ही गर्दीबरोबर चालत गेलो, तेव्हा स्कॉटलंडचे निळे आणि इंग्लंडचे पांढरे जर्सीवाले एकमेकांत मिसळून चाललेले पाहून मी चकितच झालो. आतही दोन्ही बाजूंचे प्रेक्षक शेजारी शेजारी बसले होते, मध्ये कसलेही कुंपण नव्हते. सामन्यापूर्वी बॅगपाइपच्या साथीने स्कॉटिश गीत सुरू झाले. दुसऱ्या कडव्याला वाद्ये थांबली आणि साठ-पासष्ट हजार माणसे नुसत्या गळ्याने गात राहिली. गीताचे शब्द मला येत नव्हते, तरी मीही तोंड हलवत उभा होतो.

खेळातली एकच गोष्ट समजली की बाकीचे उलगडत जाते, असे आता वाटते: चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, तो मागेच द्यावा लागतो; पुढे जायचे तर तो घेऊन धावायचे किंवा लाथेने उडवायचा. त्यामुळे पंधराही जण पुढे सरकण्यासाठी सतत मागे पाहत असतात. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना भिडतात आणि चेंडूसाठी रेटतात तेव्हा, मात्र मला अखेरपर्यंत काय चालले आहे ते कळले नाही, आणि माझ्या मित्रांनाही कळत नसावे, कारण प्रत्येकाचे स्पष्टीकरण वेगळे होते.

इंग्लंडने पाहता पाहता १०-० अशी आघाडी घेतली. मग स्कॉटलंडच्या डुहान व्हॅन डर मर्व्हने पहिला ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला, आणि त्यानंतर इंग्लंडच्या हातून निसटलेला चेंडू मिळताच तो डाव्या कडेने जो सुटला तो जवळजवळ साठ मीटर धावून रेषेपलीकडेच थांबला. त्या काही सेकंदांत आमची सगळी रांग कधी उभी राहिली, हे कोणालाच सांगता आले नसते. मध्यंतराला स्कॉटलंड १७-१३ असे पुढे. उत्तरार्धात, दिव्यांच्या उजेडात, संघातल्या फिन रसेलने मैदानभर आडव्या मारलेल्या किकवर व्हॅन डर मर्व्हने आपला तिसरा ट्राय साधला आणि ३०-२१ असा विजय स्कॉटलंडला मिळाला. करंडकाच्या लढतीतला हा त्यांचा सलग चौथा विजय होता. शेजारच्या पांढऱ्या जर्सीतल्या आजोबांनी पुढच्या रांगेतल्या निळ्या जर्सीवाल्याशी हस्तांदोलन केले आणि मुकाट्याने टोपी चढवली.

ज्याच्यासाठी आलो तो करंडक आमच्या जागेवरून चमकता ठिपका एवढाच दिसला. हत्ती तर दिसलाच नाही.

रविवारी सकाळी दोघे झोपून राहिले म्हणून उरलेल्या तिघांनी रेबर्न प्लेस हे एडिंबरोतलेच जुने मैदान गाठले. १८७१ मध्ये, एकेका बाजूला वीस खेळाडू असताना, रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना येथेच झाला, आणि १८७९ मध्ये कलकत्ता कपची पहिली लढतही येथेच बरोबरीत सुटली. फाटक बंद होते. विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही कुंपणाबाहेरून ओले गवत पाहत, इंग्लंडच्या हातून तो चेंडू निसटलाच कसा, यावर वाद घालत उभे होतो.