प्रतापगडचा तिबेटी कॅम्प ते नागपूर: आभा कार्डाच्या भरवशावर निघू नका

"आभा काढलं आहे ना, मग कागदं कायले नेता? नंबर टाकला का सगळं दिसते." आभा म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य कार्ड. ते काढण्याच्या एका शिबिरात टेबलामागे बसलेल्या भाऊंनी हे इतक्या ठामपणे सांगितलं होतं, की गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडजवळच्या तिबेटी कॅम्पातले आजोबा फाइल घरी ठेवूनच निघाले होते. मी हट्टाने ती पिशवीत घालायला लावली. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात चौदा आकडी नंबर टाकला तेव्हा स्क्रीनवर आजोबांचं नाव आणि वय आलं, बाकी पाटी कोरी. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी वाट. नागपूरहून येणाऱ्यांनी साकोलीच्या पुढे कोहमारा फाट्यावर उतरावं आणि नवेगावबांधवरून अर्जुनी मोरगाव गाठावं. गोंदियाकडून आलात तर बल्लारशा पॅसेंजर अर्जुनीला थांबते. इथवर काही त्रास नाही. लूट सुरू होते ती इथून पुढे. "कॅम्पात जायचंय" म्हटलं की तुम्ही स्वेटरवाल्यांचे पाहुणे, म्हणजे पैसेवाले. मला ऑटोवाल्याने पाचशे सांगितले. "रिकामं वापस या लागते ना भाऊ!" रिकामं कसलं, वाटेत त्याने चार जण कोंबले आणि त्यांच्याकडून वीस-वीस घेतले. तेव्हा कॅम्पाचं नावच काढू नका. शेजारच्या गोठणगावचं नाव सांगा, सीटवर बसा आणि पुढचं पुढे पाहा. परतीला पेशंट सोबत असेल तर मात्र कॅम्पातलीच गाडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा. आजारी माणसाला घेऊन फाट्यावर घासाघीस होत नाही.

इटियाडोह धरणाचं पाणी, जंगल, प्रार्थनेच्या पताका, सगळं छान आहे. ते फोटोत बघा.

खरं काम कागदांचं. नॉर्ग्येलिंग, म्हणजे हाच कॅम्प, १९७२ पासून इथं आहे, त्यामुळे काही घरांतल्या फायली आपल्यापेक्षा वयाने मोठ्या निघतात. तिबेटी लोकांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त आहे आणि औषधांना दाद न देणारा क्षयही आढळतो. म्हणून नवा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो: आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, किती महिने, मध्येच सोडल्या का? याचं उत्तर आजोबांच्या तोंडून "लाल गोळी" एवढंच येतं. कागद नसेल तर तपासण्या पुन्हा पहिल्यापासून.

नावांचा घोळ वेगळाच. आडनाव नसतं. एकाच गल्लीत पाच तेन्झिन भेटतील, त्यातले दोन एकाच वयाचे. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे ज्याला तिथं सगळे आरसी म्हणतात, त्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि जुन्या डिस्चार्ज कार्डावर तिसरं. कित्येक म्हाताऱ्यांची जन्मतारीख सरसकट १ जानेवारी. खिडकीवरचा माणूस स्पेलिंग जुळत नाही म्हणून नवा केसपेपर काढतो आणि जुना इतिहास तिथेच तुटतो. आरसी, आधार आणि सर्वात जुना केसपेपर या तिघांच्या झेरॉक्स एकत्र टाचून न्या. आरसी मुदतीत आहे ना, तेही बघा.

आता आभाबद्दल. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या या योजनेत कागद एका जागी साठत नाहीत. ज्या दवाखान्यात नोंद झाली तिथेच ती राहते. त्या दवाखान्याने ती तुमच्या आभाशी जोडली असेल आणि तुम्ही संमती दिली, तरच दुसऱ्याला दिसते. कार्ड काढलं म्हणजे जुन्या फायली त्यात आपोआप चढत नाहीत. एवढं एक वाक्य शिबिरात कोणी सांगत नाही. संमतीला मोबाइल लागतो. आजोबांचा आधारशी जोडलेला नंबर मुलाच्या खिशात, मुलगा स्वेटरच्या दुकानावर परगावी, दुकानात गिऱ्हाईक. फोन लागला तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा ओटीपी आला तर मुलाने आकडे उलटसुलट सांगितले. तिसऱ्यांदा खिडकीच बंद, जेवणाची सुट्टी. ही कटकट मी आयुष्यात विसरणार नाही. निघण्याआधी नंबर बदलून घ्या, नाहीतर तो मोबाइलच सोबत न्या.

संमती देताना नुसतं "हो हो" करू नका. कोणता दवाखाना मागतोय, कोणते कागद, कोणत्या काळातले आणि किती दिवसांसाठी, हे सगळं विनंतीत लिहिलेलं असतं. ते कमी करता येतं, नंतर काढूनही घेता येतं. हे म्हाताऱ्यांना हिंदीत समजावून सांगायला अर्धा तास द्या. त्यांची भीती खोटी नाही. क्षयाचं नाव फुटलं तर मुलीचं लग्न अडतं आणि बाजारात दुकानाला जागा मिळत नाही. पेशंटचा कागद व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणाऱ्या हौशी कार्यकर्त्यांना तर कॅम्पाच्या वेशीवरूनच परत पाठवावं. एचआयव्हीचा कागद असेल तर काही अपवाद सोडून २०१७ चा कायदाच संमतीशिवाय तो कोणाला दाखवू देत नाही.

क्षयाचा इलाज चालू असेल तर गोष्ट आणखी सोपी आहे, पण कोणी करत नाही. सरकारच्या निक्षय नोंदणीत पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतो. दिवाळीच्या आसपास अख्खं कुटुंब स्वेटर विकायला शहरात जातं आणि तिथेच गोळ्यांत खंड पडतो. निघण्याआधी दवाखान्यात जाऊन कोणत्या शहरात जाणार ते सांगा, बदली करून घ्या आणि निक्षय आयडी आईच्या फोनमध्येही लिहून ठेवा.

एक्स-रेच्या फिल्म गुंडाळू नका. उन्हाळ्यात बसमध्ये एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना चित्रच निघून येतं. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. निघण्याआधी प्रत्येक फिल्म खिडकीच्या काचेला लावून फोटो काढा, तारखेचा कोपरा फोटोत आला पाहिजे.

आणि कागद गोळा करायला हिवाळ्यात जाऊ नका, कॅम्पात म्हातारे आणि शाळकरी पोरं तेवढी सापडतील. लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, सगळे घरी परततात, तेव्हा जा. फक्त महाशिवरात्रीचे दिवस सोडा. प्रतापगडच्या यात्रेत अर्जुनीहून सीट मिळत नाही आणि तोच ऑटोवाला हजारच्या खाली बोलत नाही.