हायस्कूलमध्ये मिळवलेलं कॉलेज क्रेडिट शेवटी जमा कुठे होतं?

पुणे किंवा मुंबई विद्यापीठातून पदवी घेतलेल्या आईबाबांना अमेरिकेतलं क्रेडिटचं गणित पटकन उमगत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या वेळी वर्ष सुटायचं नाहीतर एटीकेटी लागायची. एकेक विषय सुटा जमवत पदवीपर्यंत जायचं, ही पद्धत तेव्हा नव्हतीच. अमेरिकेत पदवी म्हणजे साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट्सची बेरीज. एक कोर्स बहुतेक ३ क्रेडिटचा असतो, सोबत लॅब असेल तर ४ चा. यातले काही कोर्स मुलं नववी ते बारावीतच पुरे करू शकतात आणि अशा मुलांची संख्या मोठी आहे. इथल्या आपल्या लोकांत हा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘किती क्रेडिट्स झाली?’ त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळा आहे: ही क्रेडिट्स पुढचं विद्यापीठ कोणत्या रकान्यात टाकणार?

रकाने मुख्यत्वे तीन. पहिल्यात तुमचा कोर्स त्यांच्या एखाद्या ठरावीक कोर्सच्या बरोबरीचा धरला जातो, म्हणजे कॅल्क्युलस वन झालं, आता थेट टू घ्या. दुसरा जनरल एज्युकेशनचा. इंग्रजी लेखन, इतिहास, समाजशास्त्र अशा सगळ्यांना सक्तीच्या विषयांपैकी एक त्यात निघून जातो. तिसरा नुसत्या इलेक्टिव्हचा, म्हणजे ऐच्छिक विषयांचा. त्यात पडलेली क्रेडिट्स बेरजेत दिसतात, पण मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, बहुधा त्यांचा उपयोग नसतो. ३० क्रेडिट्स घेऊन गेलेल्या मुलाची १८ इलेक्टिव्हमध्ये पडली, तर वर्ष वाचत नाही. आणखी एक अडचण साखळीची. इंजिनिअरिंगमध्ये कॅल्क्युलस वन, टू, थ्री, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि त्यांच्यावर टांगलेले मेजरचे कोर्स अशी ओळ असते. इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र सगळं हायस्कूलमध्ये उरकलं आणि ही ओळ मात्र पहिल्या पायरीपासून सुरू करायची असेल, तर आठ सेमिस्टर्स लागू शकतात. दर सेमिस्टरचं ओझं हलकं होतं, दुसऱ्या मेजरला जागा होते, कोर्स नोंदणीत पुढचा नंबर लागतो. हे फायदे खरे आहेत. लवकर पदवी हवी असेल तर मात्र साखळीतले कोर्स आधी धरायला हवेत.

क्रेडिट मिळवायचे मोठे रस्ते दोन आहेत: एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) आणि ड्युअल एनरोलमेंट.

एपीमध्ये वर्षभर शाळेतच कोर्स करायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यायची, जुलैत १ ते ५ मध्ये स्कोअर येतो. नुसता कोर्स करून परीक्षा दिली नाही, तर कॉलेजचं क्रेडिट शून्य. त्यात ए मिळाला असला तरीही. परीक्षेची नोंदणी मे महिन्याच्या तोंडावर होत नाही. शाळा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मागणी नोंदवतात, त्यानंतर ४० डॉलर जादा. नोंदवून परीक्षा दिली नाही, तरी तेवढेच जातात. अमेरिकेत एका परीक्षेची फी ९९ डॉलरच्या आसपास आहे, आणि कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सवलत मिळते. शाळेत तो कोर्सच नसेल तर घरी अभ्यास करून परीक्षा देता येते, पण बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देणारी शाळा शोधावी लागते. तो शोध सप्टेंबरातच सुरू करा. वर्षाला एक स्कोअर रिपोर्ट एका कॉलेजला फुकट पाठवता येतो आणि त्याची मुदत २० जूनला संपते. त्या तारखेपर्यंत स्कोअर हातात नसतो, त्यामुळे बारावीचं मूल ज्या कॉलेजात जाणार हे ठरलं आहे, त्याचंच नाव तिथे भरावं.

एपीतले विषय निवडताना नावाला फसू नका. एपी फिजिक्स वन आणि टू बीजगणितावर चालतात. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स लागतं, म्हणजे फिजिक्स सी. मुलाने वन आणि टू दोन्हीत ५ आणले तरी इंजिनिअरिंगच्या पदवीत ते बहुधा साखळीबाहेरच राहतात. तसंच कॉम्प्युटर सायन्स ए आणि प्रिन्सिपल्सचं. पहिल्यात जावात प्रोग्रॅम लिहायचे असतात आणि पुष्कळ ठिकाणी पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सचं क्रेडिट मिळतं, दुसऱ्याला मेजरमध्ये तितका मान नाही. कॅल्क्युलस बीसी दिलं तर सोबत एबीचा वेगळा उपस्कोअरही येतो. बीसी थोडं घसरलं तरी कॅल्क्युलस वनपुरतं काम होऊ शकतं.

सरकारी विद्यापीठं बहुतेक ३ पासून काहीतरी देतात. टेक्सास, इलिनॉय, ओहायो इथे तसे कायदेच आहेत. नामवंत खाजगी विद्यापीठांत चित्र वेगळं. एमआयटी कॅल्क्युलस बीसीतल्या ५ ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, ४ ला देत नाही. कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१४ च्या शरदात आलेल्या तुकडीपासून ते देणं थांबवलं, वरच्या वर्गात बसवणं मात्र चालू ठेवलं. मुलाची यादी अशाच कॉलेजांची असेल, तर एपीचा उपयोग प्रवेशाच्या अर्जात होईल, फी वाचवण्यात फारसा नाही. हे घरात आधी बोललेलं बरं.

ड्युअल एनरोलमेंटमध्ये मूल प्रत्यक्ष कॉलेजचा कोर्स घेतं, बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा. एका मे महिन्याच्या सकाळवर सगळं अवलंबून नसतं, सोळा आठवड्यांच्या कामावर ग्रेड मिळते. परीक्षेच्या दडपणाने गळाठणाऱ्या मुलांना हे मानवतं. मिनेसोटाने १९८५ मध्ये राज्यभरासाठी ही वाट उघडली, वॉशिंग्टनमध्ये ‘रनिंग स्टार्ट’ १९९० च्या सुमारास सुरू झालं, ओहायोत ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ २०१५ पासून आहे. पैसे कोण भरतं हे राज्यागणिक बदलतं. ओहायोत सरकारी शाळेतल्या मुलाने सरकारी कॉलेजचा कोर्स घेतला, तर शिकवणी फी आणि पुस्तकं दोन्ही फुकट. वॉशिंग्टनच्या रनिंग स्टार्टमध्ये शिकवणी फी नाही, पण पुस्तकं आणि किरकोळ फी घरून. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर, पण हायस्कूलच्या मुलांना कॉलेजं ती बहुधा माफ करतात, साधारणपणे एका सत्रात ११ युनिट्सपर्यंत. टेक्सासमध्ये शाळेचा जिल्हा आणि कॉलेज यांच्या करारावर बरंचसं ठरतं. एच-फोर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावरच्या मुलांना शिकायला आडकाठी नाही, पण फीसाठी रहिवासी धरणार की बाहेरचे, हे कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी घ्या. काउन्टरवरच्या तोंडी ‘हो’वर विसंबू नका.

एक कोर्स जवळून पाहू. टेक्सासमधला इंग्लिश १३०१, म्हणजे पहिल्या वर्षाचं निबंधलेखन. क्रमांकातला पहिला १ म्हणजे पहिलं वर्ष, पुढचा ३ म्हणजे ३ क्रेडिट्स. हे क्रमांक राज्यभर सामायिक असल्यामुळे तिथल्या सरकारी विद्यापीठात तो नेताना वाद कमी होतात. आता वेळेचा हिशेब. कॉलेजचा संकेत असा की वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास. ३ क्रेडिट म्हणजे आठवड्याला ३ तास वर्ग आणि ६ तास घरचं काम, एकूण ९, सोळा आठवडे. हाच कोर्स आठ आठवड्यांच्या सत्रात घेतला तर आठवड्याला १८ तास. सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात २४. ‘सुट्टीत एक ऑनलाइन कोर्स उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा. त्यात महिनाभर भारतात जायचं ठरलेलं असेल तर तो कोर्स घेऊच नये. भारतात सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे बारा असतात, आणि ऑनलाइन कोर्सची मुदत नेमकी ११:५९ ची असते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वर्ग सोडण्यावरून. मुलाला कोर्स झेपेना, त्याने लॉग-इन करणं थांबवलं, आणि घरच्यांना वाटलं की नाव आपोआप कमी होईल. ते नेहमी होत नाही. सेमिस्टरच्या शेवटी एफ येतो. कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा असतात. पहिलीपर्यंत, बहुधा सत्र सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत, सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर, खूण राहत नाही. दुसरीपर्यंत सोडलं तर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडला) लागतो, ग्रेडच्या सरासरीत तो धरत नाहीत. त्यानंतर जी ग्रेड पडेल ती पडेल. दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर लिहा. आणि सोडायचं असेल तर कॉलेजच्या पोर्टलवर रीतसर सोडायचं, शिवाय हायस्कूलच्या काउन्सेलरलाही कळवायचं, कारण बारावी पूर्ण व्हायला तोच कोर्स धरलेला असू शकतो.

ही ग्रेड पुसता येत नाही. पंधराव्या वर्षी मिळालेला सी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायम राहतो. पुढे कुठेही अर्ज करताना ते ट्रान्सक्रिप्ट द्यावंच लागतं, लपवणं महागात पडतं. मेडिकल कॉलेजच्या सामायिक अर्जात, म्हणजे अ‍ॅमकॅसमध्ये, हायस्कूलमध्ये घेतलेले कॉलेज कोर्सही सरासरीत मोजले जातात. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलीला नववीतच कॉलेजची केमिस्ट्री देताना हे डोक्यात ठेवा. माझं स्पष्ट मत असं की पहिला कोर्स असा निवडावा ज्यात मूल आधीच बरं आहे, आणि तो एकच घ्यावा. कॉलेजचं वाचन, ईमेल, मुदती यांची सवय होणं हेच पहिल्या सेमिस्टरचं काम.

आईबाबांना आणखी एक धक्का बसतो. मूल चौदा वर्षांचं असलं तरी कॉलेजच्या नोंदींचा हक्क फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने मुलाचा. तुम्ही प्राध्यापकांना ईमेल केलात तर बहुधा उत्तर येणार नाही, आलं तरी ग्रेड सांगणार नाहीत. करात मूल अवलंबून दाखवलं असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं बंधन नाही. मुलाने संमतीचा फॉर्म भरला की मार्ग खुला होतो. तरी प्राध्यापकांना ईमेल मुलालाच लिहू द्या. कोर्सचं नाव आणि सेक्शन नंबर विषयात घालून, चार ओळींत.

नावांचा घोळ आपल्याकडे खास आहे. मधलं नाव वडिलांचं. शाळेच्या नोंदीत ते नाही, पासपोर्टवर पहिल्या नावाला जोडून आहे, कॉलेज बोर्डाच्या खात्यावर फक्त आद्याक्षर. तिन्ही ठिकाणी एकच विद्यार्थी आहे हे संगणकाला जुळवता येत नाही आणि स्कोअर किंवा ट्रान्सक्रिप्ट लटकतं. एकच रूप ठरवा, पासपोर्टचं असेल तर उत्तम, आणि सगळीकडे तेच.

लहान रस्त्यांबद्दल थोडक्यात. क्लेप ही कॉलेज बोर्डाचीच परीक्षा, ३४ विषय, बहुतेक दीड तासांच्या, गुण २० ते ८०, साधारण ५० ला क्रेडिट. ‘मॉडर्न स्टेट्स’ या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पुरा केला की फीचं व्हाउचर मिळतं. सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांना उत्तम, नामवंत खाजगी कॉलेजांत फारसं चालत नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या अभ्यासक्रमात हायर लेव्हलच्या विषयांनाच बहुतेक कॉलेजं मोजतात.

आणि मराठीचं. एपीत मराठी नाही, पण ‘सील ऑफ बायलिटरसी’ आहे. मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नीट येते याची डिप्लोमावर उमटणारी ही मोहोर. अवांत कंपनीच्या ‘स्टॅम्प’ परीक्षांत मराठी लेखन आणि संभाषणाची चाचणी आहे. शाळेचा जिल्हा ती धरत असेल तर मराठी शाळेत रविवारी घेतलेले धडे इथे कामी येतात. इलिनॉय आणि मिनेसोटात या मोहोरेवर सरकारी कॉलेजांत भाषेचं क्रेडिट मागता येतं. मागावं लागतं, आपोआप मिळत नाही, आणि त्यालाही मुदत असते. घरात मराठी टिकवायला धडपडणाऱ्या प्रत्येक आईबाबांनी ही चौकशी जरूर करावी.

कोर्स घेण्याआधी तो कुठे चालतो हे तपासायची साधनं फुकट आहेत. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर एपी क्रेडिट धोरणाचा शोध, कॅलिफोर्नियासाठी असिस्ट आणि न्यू जर्सीसाठी एनजे ट्रान्स्फर ही संकेतस्थळं. खाजगी विद्यापीठात दोन प्रश्न ईमेलने विचारा: हायस्कूलच्या इमारतीत, हायस्कूलच्या शिक्षकाने शिकवलेला कॉलेज कोर्स चालतो का? आणि बारावीच्या डिप्लोमासाठी वापरलेला कोर्स पुन्हा मोजता का? पुष्कळ ठिकाणी दोन्हींना ‘नाही’ असं उत्तर येतं.

शेवटच्या सेमिस्टरच्या ग्रेड पोर्टलवर पडल्या की मगच कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवा. आधी मागवलं तर ‘कोर्स चालू’ एवढंच जातं. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर तो कोर्स दिसतो म्हणून वेगळं पाठवायची गरज नाही असं समजू नका. उन्हाळ्यात नव्या विद्यापीठाच्या डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीसाठी काय झालं आणि काय उरलं याच्या तक्त्यात, प्रत्येक कोर्स कोणत्या रकान्यात गेला ते बघा. एखादा नुसत्या इलेक्टिव्हमध्ये पडला असेल तर त्या विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो आणि तिथे पहिली मागणी होते सिलॅबसची. आठवडावार विषय, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि आवृत्ती, परीक्षांचं वजन, सगळं असलेला. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत ऑनलाइन वर्ग बंद होतो, मग तो सिलॅबस शोधून सापडत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच तो उतरवून घ्या, सोबत दोन-तीन तपासलेले निबंध किंवा लॅब रिपोर्ट, एका फोल्डरमध्ये, कोर्सच्या क्रमांकाने.