ब्रिज बोलीचा सराव, नोंद 4: ‘गेमला जायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर

मागच्या नोंदीत ओपनिंग (पहिली बोली) आणि भिडूचा पहिला प्रतिसाद संपवला होता. या टप्प्यात एकच जागा घेतली: ओपनर 1 इस्पिक बोलतो, त्याचा भिडू (रिस्पॉन्डर) 2 इस्पिक म्हणतो, आणि त्यानंतर. गेम (बोनस मिळवून देणारी बोली, इस्पिकमध्ये 4, म्हणजे दहा हात) चुकतो किंवा विनाकारण बोलला जातो, तो बहुतेक इथे. गुण (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) मोजायला सगळ्यांना येतात. पण पहिल्या बोलीच्या वेळी मोजलेले गुण लोक शेवटपर्यंत बदलतच नाहीत, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

सरावाची पद्धत साधी आहे, सॉफ्टवेअर लागत नाही. ओपनरची 13 पाने काढून बाजूला ठेवायची. उरलेली 39 पिसून वरची 13 भिडूला द्यायची. त्यात इस्पिकची तीन पाने आणि 6 ते 9 गुण नसतील तर पुन्हा पिसायचे. दोघांनी न बोलता बोली कागदावर लिहायची, मग पाने उघडून किती हात होतात ते मोजायचे. एका बैठकीत ओपनरची पाने बदलायची नाहीत, हे महत्त्वाचे. तीच पाने भिडूच्या वेगवेगळ्या सात गुणांसमोर कशी कधी फुलतात आणि कधी कोमेजतात, ते तेव्हाच दिसते.

या वेळची ओपनरची पाने: इस्पिक एक्का, राजा, 8, 6, 3, बदाम 4, चौकट गुलाम, 8, 7, 3, किलवर एक्का, राजा, 5. एकूण 15 गुण, सहा लूझर (हरण्याची शक्यता असलेले हात). सरळ गेम बोलायला थोडी कमी, पास करायला जड. म्हणजे विचारायलाच हवे.

भिडू क्रमांक एक: इस्पिक राणी, 7, 4, बदाम 9, 6, 3, चौकट राजा, राणी, 6, 2, किलवर 9, 8, 3. सात गुण. इस्पिकचे पाच हात, चौकटचे तीन, किलवरचे दोन: दहा. जातात ते बदामचा एक, चौकटचा एक्का आणि किलवरचा एक. इस्पिक आणि चौकट दोन्ही 3-2 बसले की गेम झाला, आणि तसे बसण्याची शक्यता 47 टक्क्यांच्या जवळपास. (एक रंग 3-2 बसण्याची शक्यता 68 टक्के. दोघांचा नुसता गुणाकार केला तर 46 येतात. पहिला रंग 3-2 बसला की दुसऱ्याची शक्यता किंचित वाढते.)

भिडू क्रमांक दोन: इस्पिक राणी, 7, 4, बदाम राजा, राणी, 6, 3, चौकट 9, 6, 2, किलवर 9, 8, 3. हेही सातच गुण. पण बदामची राजा-राणी ओपनरच्या एकट्या चौकीसमोर. एक्का जातो, मग एका हातावर किलवरची पंजी टाकता येते, एवढाच उपयोग. चौकटचे तीन हात थेट जातात. चौथी चौकट डमीच्या (भिडूच्या टेबलावर उघड्या पानांतल्या) हुकमाने मारली तरी नऊच हात, दहावा कुठूनच येत नाही.

म्हणजे ‘मी जास्तीत जास्त आहे की कमीत कमी?’ हा रिस्पॉन्डरचा प्रश्नच चुकीचा. विचारायचे ते ‘माझे गुण कुठे आहेत?’ आणि ते कळायला ओपनरने 3 इस्पिक बोलून उपयोग नाही. त्या बोलीतून फक्त ‘किती?’ एवढे विचारले जाते. (आमच्या पद्धतीत ती बोली प्रतिस्पर्ध्यांना अडवण्यासाठी राखून ठेवली आहे, आणि तिथेच ती शोभते.) ओपनरने 3 चौकट बोलायचे: ‘या रंगात मदत हवी.’ पहिला भिडू चौकटची राजा-राणी पाहून उडी मारून 4 इस्पिक बोलतो. दुसरा तीन बारकी पाने पाहून 3 इस्पिकवर थांबतो.

दुसरी रीत म्हणजे तोकड्या रंगात विचारणे: 3 बदाम, ‘इथे माझे एकच पान आहे.’ उत्तरे तीच येतात, फक्त विचार उलटा करायचा: त्या रंगात चित्रे असतील तर नाही, बारकी असतील तर हो. दोन्ही रीती चालतात. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी धरली की मात्र दाणादाण. कार्डावर लिहून ठेवा.

मदत म्हणजे नेमके काय, यावर बराच वेळ गेला. एक्का, राजा किंवा राजा-राणी म्हणजे मदत. नुसती राणी अर्धी मदत. शेजारी गुलाम असेल तर बरी. एकच पान आणि हुकमाची चार पाने असतील तर उत्तम मदत, तिथे चित्र लागतच नाही. दोनच पानांत राणी किंवा गुलाम असेल तर त्याचे गुण निम्मे धरा. हुकमाच्या राणीचे मात्र पूर्ण, वर थोडे जास्तच. 4-3-3-3 वाटणीला एक गुण कमी करायला हात आखडू नये. दश्शी-नव्वीला गुण नसतात, पण गुलाम-दश्शी-नव्वी एकत्र आली तर हातचे गेम फिरतात.

आता उंबरठा. टीम सामन्यात आयएमपीवर (दोन टेबलांच्या गुणांतल्या फरकावरून मिळणाऱ्या गुणांवर) आणि व्हल्नरेबल असताना (तेव्हा बोनस आणि दंड दोन्ही जास्त) 4 इस्पिक झाले तर 620, थांबले असते तर 170. फरक 450, म्हणजे 10 आयएमपी. एक डाऊन गेले (एक हात कमी पडला) तर -100, थांबले असते तर 140. फरक 240, म्हणजे 6 आयएमपी. म्हणून 37.5 टक्के शक्यतेवरही गेम परवडतो. नॉन-व्हल्नरेबलला मिळतात 6 आणि जातात 5, म्हणजे साधारण 45 टक्के हवेत. वरचा 47 टक्क्यांचा गेम दोन्हीकडे बोलायचाच, पण व्हल्नरेबलला बिनघोर. पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) हा हिशेब चालत नाही. तिथे अर्ध्याच्या वर शक्यता नसेल तर थांबलेले बरे.

यातून एक नेहमीची चूक. ‘व्हल्नरेबल आहे, ताणूया’ म्हणून ओपनर कमी पानांवर आमंत्रण देतो, आणि त्याच कारणासाठी रिस्पॉन्डर कमी पानांवर ते स्वीकारतो. एकच जादा गुण दोघांनी मोजलेला असतो. आमंत्रण भक्कम पानांवर, होकार मोकळ्या हाताने, असे ठरवले की ताण एकाच बाजूला पडतो.

प्रतिस्पर्धी मध्ये बोलले तर राजाची जागा पाहा. उजवीकडचा बदाम बोलला आणि तुमच्याकडे बदामचा राजा व एक पान असेल, तर एक्का बहुधा तुमच्या आधी खेळणाऱ्याकडे असतो. राजा पूर्ण किमतीचा. डावीकडचा बोलला तर तोच राजा अर्धा.

स्लॅमकडे (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीकडे) फक्त डोकावलो. तत्त्व तेच, पण इथे ते उघडे दिसते. रिस्पॉन्डर: इस्पिक राजा, 8, 5, 3, बदाम राणी, गुलाम, 6, 4, चौकट एक्का, राणी, 7, 2, किलवर 5. 1 बदामवर 4 किलवर, म्हणजे स्प्लिंटर: बदामला पाठिंबा आहे, किलवरचे फार तर एक पान. ओपनरकडे इस्पिक एक्का, 6. बदाम एक्का, राजा, 10, 7, 5. चौकट राजा, 8, 4. किलवर 8, 6, 2. चौदाच गुण, दोघांचे मिळून 26. तरी बदामचे पाच, डमीत मारलेले दोन किलवर, इस्पिकचे दोन, चौकटचे तीन: बारा हात, आणि जातो फक्त एक किलवर. आता चौकट 8, 4, 3 आणि किलवर राजा, राणी, 2 अशी अदलाबदल करा. गुण 16 झाले, पण किलवरचा एक्का जातोच, आणि स्लॅम चौकटच्या राजाच्या फिनेसवर (तो राजा सोयीच्या बाजूला असण्यावर) टांगते. स्प्लिंटर ऐकून किलवरच्या राजा-राणीवर खूश होणारा ओपनर अजून अधूनमधून दिसतो.

छोट्या स्लॅमला आयएमपीवर बरोबर 50 टक्के लागतात. व्हल्नरेबलला 13 मिळतात, 13 जातात. नॉन-व्हल्नरेबलला 11 आणि 11. ग्रँडला (तेराही हातांच्या स्लॅमला) व्हल्नरेबल असताना 13 मिळतात आणि 17 जातात, म्हणजे 57 टक्के. समोरच्या टेबलवर छोटी स्लॅम तरी बोलली जाईल याची खात्री नसेल तर त्याहून जास्त.

पुढच्या टप्प्यात प्रतिस्पर्ध्यांच्या 3 वर आपण 3 बोलायचे की सोडायचे, आणि दोन्ही बाजूंच्या हुकमांची बेरीज किती हात सांगते ते. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हेर्नने मांडलेले ते गणित नेमके कुठे एका हाताने फसते, त्यासाठी बोर्ड निवडून ठेवले आहेत. ओपनरची पाने या वेळी चार आठवडे तीच राहतील.