सेमिनरी हिल्सची आमची वारी

आमच्याकडे वारी म्हटलं की पंढरपूरच आठवते, पण मी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या आमच्या चालण्यालाही वारीच म्हणतो. सदरहून पहाटे पाचला निघायचं, आठ-दहा जण, एकाच्या खांद्यावर लाकडी क्रूस, रस्त्यात चौदा ठिकाणी थांबून क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करायची, एकेका स्थानाला येशूच्या शेवटच्या वाटेवरचा एकेक प्रसंग, आणि जपानी गार्डनवरून सेमिनरी हिल्स चढायची. एप्रिलमधे नागपूरचं ऊन तर माहितीच आहे, आठच्या आत वर पोचलं तर पोचलं.

मी चार वर्षं अनवाणी चाललो. बाबा गेले तेव्हा मी पुण्यात होतो, आई दोनदा म्हणाली ये म्हणून, मी म्हटलं मिटिंग आहे शनिवारी येतो, आणि शुक्रवारीच ते गेले. तेव्हापासून हिशोब मांडून ठेवला होता, पाय भाजले की वाटायचं थोडं फिटलं.

यावर्षी पाचव्या स्थानाला थांबलो, शिमोन कुरेनेकर येशूचा क्रूस उचलतो ते. क्रूस माझ्याच खांद्यावर होता. शेजारच्या आजीनं खाली पाहिलं, म्हणाली, "काऊन रे बाप्पा, चपला कुठं गेल्या?" म्हटलं पिशवीत आहेत, मुद्दाम नाही घातल्या. तर म्हणे, "मुद्दाम कोनासाठी? येशूनं चुकतं केलं ना सारं, तू अजून कायचे हप्ते भरून राहिला?"

उत्तरच सुचलं नाही. घरी बायबलमधलं पौलाचं इफिसकरांस पत्र कितीदा वाचलंय, कृपेनं विश्वासाच्या द्वारे तारण, ते देवाचं दान, कर्मांनी नाही म्हणजे कोणी बढाई मारू नये, तोंडपाठ आहे. पण त्याच पत्राच्या सुरुवातीला पौल म्हणतो की ख्रिस्तात देवानं आपल्याला प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वाद दिलाच आहे. दिलाच आहे, देणार आहे नाही. मूळ ग्रीकमधे तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत एकच वाक्य आहे म्हणतात, माणूस आनंदानं बोलत सुटला की थांबत नाही तसं, दत्तक घेतलं, पापांची क्षमा झाली, वतन मिळालं, पवित्र आत्म्याचा शिक्का बसला. आणि तो आत्मा म्हणजे वतनाचा विसार. आपल्याकडे प्लॉट घेताना इसार पावती करतात ना, तेच, फक्त इथं इसार घेणाऱ्यानं नाही, देणाऱ्यानंच भरलाय. मी मात्र चार वर्षं उलट्या बाजूनं पैसे मोजत होतो.

चढावर कवी ना. वा. टिळक आठवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे ते. पतितपावना, तूच तार असं म्हणणाऱ्या मातीतल्या माणसाला कृपा कळायला वेळ लागू नये खरं तर, मला लागला.

बाराव्या स्थानाला, येशू प्राण सोडतो तिथं, सगळे गुडघ्यावर आले. दरवर्षी मी तिथं बाबांची माफी मागतो. यावेळी फक्त थँक यू म्हटलं, आणि रडू आलं ते वेगळंच होतं, हलकं.

वर आजीनं डब्यातलं पन्हं दिलं. खाली फुटाळा तलावाकडून जरा वारा येत होता. आईला फोन लावला, तिनं नेहमीसारखं पहिले पायांचंच विचारलं.

म्हटलं, "चांगले आहेत आई, चपला घातल्या होत्या."