तीन विषय एकत्र कशाला?

माझ्या थिसिसमध्ये तीन विषय एकत्र कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं सगळेच विचारतात, व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांपासून ते भावजयीपर्यंत, की बीएडच्या पोरांना शिकवतेस तर साधा विषय घ्यायचा, क्वीअर (म्हणजे बाई-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटीत न बसणारी माणसं), अपंगत्व, बालपण, तीन-तीन कशाला, एक धर की. आणि मग आवाज खाली आणून, "तुमच्या घरात कोणी तसं आहे का?" याचं उत्तर मी देत नाही, देणारपण नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत सातवीचा वर्ग होता माझ्याकडे. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी, आया विड्या वळणाऱ्या. त्यात एक पोरगा डावा पाय ओढत चालायचा, बोलताना मान वेळावायचा, पोरं त्याला काय म्हणायची ते लिहीत नाही. गॅदरिंगला त्याला पोरींच्या ग्रुपमध्ये नाचायचं होतं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्यानं मला अख्खं गाणं करून दाखवलं, पाय अडेल तिथं गिरकी घेऊन निभावून न्यायचा, एकदाही ताल चुकला नाही. आणि मी काय म्हणाले, "बाळा, तुझ्या पायाला झेपणार नाही."

पायाचा काही संबंधच नव्हता हो! पोरगा पोरींसारखा नाचला तर लोक हसतील याची मला भीती होती, ते तोंडातून निघेना म्हणून पाय पुढे केला. आई हातातलं काम टाकून विचारायला आली, बोटांना तंबाखूचा वास. तिला म्हणाले, "लहान आहे, विसरेल." त्याला पडद्याची दोरी दिली. पोरी नाचत होत्या तेव्हा तो विंगेत दोरी धरून उभा होता आणि त्याचा उजवा पाय ठेका धरत होता. मी बघितलं ते, आणि दुसरीकडे बघितलं.

आता यातला कुठला एक विषय धरू, सांगा. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 केले, चांगलंच झालं, पण त्या यादीनं त्याचा फक्त पाय दिसतो. 2021 मध्ये शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं ट्रान्सजेंडर मुलांबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, बाल हक्क आयोगानं हरकत घेतली आणि काही दिवसांत ती वेबसाइटवरून गेली. तेव्हा स्टाफरूममध्येपण तेच, "लहान आहेत मुलं." माझंच वाक्य.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, शिट्ट्या पडल्या असत्या, तू वाचवलंस त्याला. पडल्या असत्याच, हे मला आजही खोडता येत नाही. पण त्यानं कुठं वाचवा म्हटलं होतं?

थिसिसमध्ये हा प्रसंग नाही. घालायचा तर आधी त्याला विचारायला पाहिजे, आणि त्याचा नंबर चार वर्षं माझ्या फोनमध्ये आहे.