कुणीच अडवलं नाही

शुक्रवार, रात्र

वहिनी म्हणाली, "जा की. हवा छान असते तिकडं." आणि पावट्याची पुढची शेंग सोलायला घेतली.

पुण्यातलं सगळं आवरून डोंगरात कुठंतरी कायमची राहायला जातेय, हे मी साताऱ्यात आज पहिल्यांदाच बोलले. बोलायला धीर लागला होता. एसटीत शिरवळ येईपर्यंत उत्तरंच जुळवत होते. एकटी कशी राहशील म्हणाली तर हे सांगायचं, दुखलंखुपलं तर कोण बघणार म्हणाली तर ते. त्यातलं काहीच लागलं नाही. ती दाणे ताटात टाकत होती, टरफलं वर्तमानपत्रावर, किडका दाणा नखानं उडवून बाजूला. दादा आतून आला, त्याच्याही कानावर घातलं. "चांगला विचार आहे," म्हणाला. मग जेवणं झाली. उसळ छान झाली होती. चारच्या गाडीनं परत आले.

कुणीच अडवलं नाही. एवढ्यानं इतकं का लागावं? मला तर परवानगीच हवी होती. कटकट नको, रडारड नको, चार माणसांनी समजावणं नको, असं मीच शुभाला म्हणत होते. मग एसटीच्या खिडकीशी बसून डोळे का भरून येत होते? खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा अंधारात पुसून घेतले.

अनूनं तर फोनवर दोन शब्दांत विषय मिटवला. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

घरी आल्यावर डोंगरांची वही काढली. दिवाळीपासून भरतेय ती. हिमाचल पहिल्या दोन पानांत संपलेलं. तिथल्या १९७२च्या कूळकायद्याचं कलम ११८ आहे. हिमाचलातला शेतकरी नसेल त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. पालमपूरला चहाच्या मळ्यांच्या मागं धौलाधार उभी असते, ते दृश्य किती वर्षं मनात जपलं होतं. वाईट वाटलं, पण कायदा पटलासुद्धा. आपल्याकडं मुळशी, मावळात काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय.

उत्तराखंडातलं कुमाऊँ जास्त टिकलं. मुक्तेश्वर, रानीखेत, कौसानी. कौसानीला गांधीजी १९२९ साली राहिले होते, तो अनासक्ती आश्रम अजून आहे. त्याच्या अंगणातून पहाटे त्रिशूळ आणि नंदादेवी आधी राखाडी, मग लाल होताना बघितल्यात. आम्ही दोघं एका शालीत उभे होतो. म्हातारपणी इथंच, असं तेव्हा ठरलं होतं. असो.

जमिनीचे नियम तिथंही कडक झालेत. बाहेरच्या माणसाला शहराच्या हद्दीबाहेर घरासाठी २५० चौरस मीटरपर्यंतच जागा घेता येते. आणि २०२५च्या दुरुस्तीपासून हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून बाकीच्या अकरा जिल्ह्यांत शेतीची आणि फळबागेची जमीन बाहेरच्यांना बंद. मला शेती कुठं करायचीय, एक खोली आणि पडवी पुरे. पण वहीत त्याच्याच खाली मी लिहून ठेवलंय की, २०११च्या जनगणनेत उत्तराखंडात हजाराहून जास्त गावं ओस निघाली, आणि अल्मोडा आणि पौडी या जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत वाढायची सोडून घटली. पाणी नाही, शाळा नाही, दवाखाना लांब, म्हणून माणसं कुलूप लावून खाली उतरली. मुक्तेश्वरहून मोठं हॉस्पिटल म्हणजे हल्द्वानी, तासन्‌तास घाट उतरून. ज्यांचा तिथं जन्म गेला त्यांना राहणं जमेना, तिथं मी या वयात जाऊन कोणत्या जोरावर राहणार? हे पान लिहिल्यावर वही बरेच दिवस उघडली नव्हती.

निलगिरीतलं कोटागिरी शुभानं सुचवलं. अठराशे मीटरच्या आसपास उंची, ऊटीची गर्दी नाही. नैर्ऋत्येचा पाऊस दोड्डबेट्टा शिखराच्या आड अडतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ईशान्येचा येतो. हवा वर्षभर सोसणारी. चहाच्या मळ्यात गवे चरतात, बडगा लोकांच्या छोट्या छोट्या वाड्या आहेत, कोइंबतूर जवळ, म्हणजे डॉक्टरांची चिंता नाही. कागदावर सगळ्यात उजवं तेच. तरी हात आखडत होता. तिथं तमिळ आणि बडगा. बाजार करण्यापुरतं शिकता येईल, ते मला जमतं. पण रात्री ताप भरल्यावर शेजारणीला हाक मारायची तर काय म्हणून मारायची? "अहो वहिनी, जरा येता का?" हे एवढं मला माझ्याच भाषेत म्हणता येतं.

आज वही चाळताना एक दिसलं आणि मी थांबलेच. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात मी तास लिहिलेत. मला वाटत होतं ते मला जायला लागणारे तास. नीट बघितलं तर सगळे साताऱ्यापासून मोजलेले. कुमाऊँच्या पायथ्याच्या काठगोदामला सातारा-पुणे-दिल्ली, मग रात्रीची गाडी. कोटागिरीला सातारा-बंगळूर-मेट्टुपाळयम. म्हणजे मी इतके महिने डोंगर बघत होते ते दादा-वहिनीला तिथं यायला किती वेळ लागेल या मापानं. आणि ते तर येतो म्हणालेच नाहीत. कसं दिसतं तिकडचं घर, किती खोल्या, आम्ही आलो तर झोपायचं कुठं, एक अक्षर नाही.

सातबाऱ्याचाही विषय निघाला नाही. मीही काढला नाही. बाबांच्या पश्चात हक्कसोडीवर सही केली त्या दिवशी वहिनीनं मला साडी नेसवली होती, मोरपंखी, जरीकाठाची. सही मी राजीखुशीनं केली, आजही करेन. फक्त एवढंच, की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो आणि माझं नाव आता कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. जावळीच्या एजंटानं सांगितलं, "मॅडम, मग तुम्ही एन.ए., म्हणजे बिगरशेती प्लॉटच बघा." बघितले. तापोळ्याच्या रस्त्याला, टेकडीचा माथा पोकलेननं सपाट करून चुन्यानं आखलेले. मागं डोंगर उभा कापलेला, लाल माती उघडी, कापलेल्या कडेवर झाडांची मुळं लोंबत होती. माळीण आठवलं. ३० जुलै २०१४. मग २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी. मी खाली उतरून सरळ गाडीत बसले. एजंट "व्ह्यू तर बघा" म्हणत राहिला.

त्या व्ह्यूत शिवसागर होता. कोयनेच्या त्या पाण्याखाली आजीचं गाव आहे. धरणात साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढलं आणि खोऱ्यातली माणसं पार रायगड, सांगली, सोलापूरपर्यंत पांगली. आजी सांगायची, की वरीचं भात आणि नाचणीची भाकरी, पावसाळ्यात चार महिने वाट बंद, बाळंतीण अडली तर डोलीत घालून डोंगर उतरायचा. पुरुष मुंबईला माथाडीत, गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. तिला डोंगराचं प्रेम होतं का, हे मी कधी विचारलं नाही. परसातल्या फणसाचं होतं. फणसाचं ती मरेपर्यंत बोलत होती. आमची जी जमीन म्हणतात ती या पाण्याच्या बदल्यात मिळालेली. आजीला जा असं कुणी म्हणालं नाही आणि जाऊ नको असंही कुणी म्हणालं नाही. नोटीस आली, मग पाणी आलं.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून चहा केला.

चहा उकळताना वहिनीचे हात डोळ्यांसमोर आले. आई अंथरुणाला खिळली ती गेली तोवर सगळं वहिनीनं केलं. कूस बदलणं, पुसून घेणं, रात्री दोनदा उठणं. त्या वर्षांत ती माहेरी गणपतीलासुद्धा राहिली नाही. तिच्या बहिणींची काशीयात्रा झाली, हिला विचारलं तेव्हा "आत्यांना कोण बघेल" म्हणाली. आई गेल्यावर दादाचं पथ्यपाणी, मग नातवंडं. त्या बाईला आजवर कुणी "जा की" म्हणालं असेल का? मी नाही म्हटलं. मी सुट्टीत जायचे, आईशेजारी बसायचे, रडायचे आणि परत यायचे.

मग तिनं मला जे म्हटलं ते तिच्याकडून मोठंच असेल. तिच्या तोंडून "जाऊ नको" आलं असतं तर मला आज बरं वाटलं असतं आणि मी गेले नसते. तिनं अडवलं नाही म्हणून मला जाता येणार आहे. अजून घशाशी येतंय, ते काही लगेच जाणार नाही. पण दुपारी वाटलं तसं, मी कुणाच्या खिजगणतीत नाही, असं आता वाटत नाही. ती तशी बाई नाही. कोण कसं आहे ते मला इतक्या वर्षांत कळतं.

दहाला तिचाच मेसेज आला. "पोचलीस का. तिकडे पाऊस फार असेल तर मिरच्या एप्रिलमध्ये वाळवून घ्याव्या लागतील. मसाला मी करून ठेवते." तिकडे म्हणजे कुठं, हे मीच अजून सांगितलं नव्हतं.

तर आंबोली. वहीत ते शेवटच्या पानावर होतं, कारण ते डोंगराच्या मानानं लहान. सातशे मीटरच्या आतबाहेर उंची, बर्फ नाही, देवदार नाही. पाऊस मात्र सात हजार मिलिमीटरच्या घरात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उशी ओली, पापड ओले, कपाटातल्या साड्यांना बुरशी. धबधब्यापाशी शनिवार-रविवार गाड्यांची रांग. पण गर्दी परतली की तिथं बेडूक बोलतात. आंबोलीचा एक भेक तर जगात दुसरीकडं कुठं नाही. हिरण्यकेशीच्या देवळापाशी कुंडात जो छोटा मासा सापडला त्याच्यासाठी ती जागा २०२१ साली जैवविविधता वारसा म्हणून जाहीर झाली. हे वाचून मला उगाच आनंद झाला होता. खाली सावंतवाडी तासाभरावर, वर बेळगाव. आणि शेजारणीला "वहिनी" म्हणता येतं.

घर भाड्याचं आहे, कौलारू, मागं फणस. बघायला गेले तेव्हा सवयीनं मागचा उतार बघितला. झाडांचे बुंधे सरळ होते, कापलेली दरड नव्हती, पाण्याला वाट होती. मग सवयीनंच सातबारा मागितला. मालक वयस्क, त्यांनी खुर्ची पुढं केली. "ताई, इथं आमचीच नावं सातबाऱ्यावर नाहीत," म्हणाले. आंबोली, चौकूळ, गेळे, तिन्ही गावांतल्या कबुलायतदार गावकर जमिनीचं प्रकरण त्यांनी मला सविस्तर सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या कसताहेत, राहताहेत, आणि उताऱ्यावर नाव महाराष्ट्र शासनाचं. किती मोर्चे, किती बैठका. सांगताना चिडले नाहीत. मागच्या फणसाला हात लावून म्हणाले, हा आजोबांनी लावला. मला तिथून उठवेना. माझ्यासारख्या बिननावाच्या बाईनं याच गावात राहावं, असं त्या क्षणी वाटून गेलं होतं, आणि त्याला कारण म्हणता येत नाही म्हणून मी ते वहीत लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

ते म्हणाले होते, घर उन्हाळ्यात बघून ठरवू नका, एक पावसाळा काढा, मग बोलू. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट थोडंच. उद्या सकाळी त्यांना फोन करून हो सांगणार. मेअखेर सामान न्यायचं, आधी नेऊन उपयोग नाही, पाऊस लागल्यावर तर नकोच. गोदरेजचं कपाट गंजेल, ते अनूला हवं असेल तर तिनं न्यावं. पुस्तकांचं काय करायचं ते ठरत नाही. निम्मी तरी शुभाकडं ठेवावी लागतील. मसाल्याला बरण्या काचेच्या घ्यायच्या, घट्ट झाकणाच्या. वहिनीला कळवलंय, मिरच्या जरा जास्त घे, आणि श्रावणात तू स्वतः घेऊन ये, चार दिवस राहायच्या तयारीनं. अजून उत्तर आलेलं नाही, झोपली असेल.